उरलेली चाळीस मिनिटं

आईंनी तो पिक्चर मला सहा दुपारींत दाखवला. बाळ दूध पिऊन झोपलं की सईला शाळेतून आणायला जेमतेम पाऊण तास असायचा. त्यात जेवढा होईल तेवढा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुमित्राबाई. माहेर धारवाडजवळच्या खेड्यातलं, कानडी. लग्न होऊन निपाणीला आल्या आणि मराठी झाल्या, पण दूध उतू गेलं की तोंडातून अजून कानडीच निघतं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणासाठी त्या जानेवारीत मिशिगनला, आमच्या ट्रॉयच्या घरी आल्या. बॅगेत अळीव, डिंक, बाळंतशेपा, वेखंड. मला रोज शेकशेगडी करायच्या, पाठीला तेल लावायच्या. माझ्या आईनंही इतकं केलं नसतं, हे मी आजही म्हणेन.

पिक्चर जुना होता, काळापांढरा. यूट्यूबवर कुणीतरी टाकलेला, मध्येमध्ये रेघा पडणारा. खाली इंग्लिश अक्षरं नव्हती.

"अक्षरं कशाला पाहिजेत? मी सांगते की," आई म्हणाल्या. "दहा वर्षांची होते, तंबूत बघितला. खाली पोतं टाकून. त्यानंतर कितीदा बघितला ते विचारू नको."

तर एक गाव, गावाला तळं. दोन भाऊ. थोरल्यानं शाळा सोडून नांगर धरला आणि धाकट्याला शिकवलं. थोरलीला मूल नाही. धाकटीला एक मुलगी, आणि दुसरं पोटात.

"हे तर आपल्याच घरासारखं आहे," मी हसून म्हणाले.

"सगळी घरं एकसारखीच असतात गे."

आई सांगताना आवाज बदलायच्या. थोरलीला जाड आवाज, धाकटीला बारीक. पण धाकटी पडद्यावर बराच वेळ बोलायची, ओठ हलत राहायचे, हात हलायचे, एकदा तर ती दाराची कडी धरून बोलत राहिली, आणि आई एवढंच म्हणाल्या, "ती म्हणते, बरं."

"इतकं लांब बोलली ती, आई."

"कानडीत लांबच असतंय."

सहाव्या दुपारी तो प्रसंग आला. खळ्यावर जोंधळ्याची रास. धाकटी सुपात मूठभर दाणे पसरते, त्यावर आपलं तान्हं बाळ ठेवते आणि ते सूप थोरलीच्या मांडीवर देते. माझं बाळ माझ्या अंगावर झोपलं होतं. मी रडले. त्या दिवसांत मी कशानंही रडत होते. आदल्या दिवशी एका कार इन्शुरन्सच्या जाहिरातीला रडले होते.

"किती मोठं मन," मी म्हणाले. "असं मन असावं माणसाचं."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग रिमोट उचलला आणि पिक्चर थांबवला.

"संपला."

"एवढ्यात?"

"होय की. दोन्ही घरं सुखात राहतात. पुढं नुसती गाणी आहेत."

पडद्यावर सूप तसंच थांबलं होतं. खालची लाल रेघ जिथे संपत होती त्याच्यापुढे बरीच पांढरी रेघ उरली होती. चाळीस मिनिटं, असं बाजूला आकड्यांत दिसत होतं. चाळीस मिनिटं गाणी, असं मनात आलं खरं. पण सईच्या शाळेची वेळ झाली होती.

बाळ तेव्हा सहा आठवड्यांचं होतं. झोपेत त्याचा वरचा ओठ थरथरायचा. कानाच्या पाळीवर बारीक लव होती, ऊन पडलं तरच दिसायची. शिंकायच्या आधी ते क्षणभर थांबायचं, अगदी काही महत्त्वाचं आठवल्यासारखं. त्याचं नाव मी घेत नव्हते. हॉस्पिटलच्या कागदावर लिहून दिलं होतं, पण आईंचं म्हणणं, बारशाआधी नावानं हाक मारायची नाही. बारसंही बाराव्या दिवशी न करता मार्चअखेरच्या रविवारी ठेवलं होतं, मनोहरदादा आणि पद्मिनीवहिनींना व्हर्जिनियाहून यायला जमावं म्हणून. तोवर सगळ्यांच्या तोंडी नुसतं 'बाळ'.

मनोहरदादा अनीशचे, माझ्या नवऱ्याचे, थोरले भाऊ. वडील अचानक गेले तेव्हा अनीश नववीत होता. दादांनी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, तीन वर्षं तंबाखूचं शेत बघितलं आणि अनीश मार्गी लागल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसले. हे मला लग्न ठरवायच्या पहिल्या भेटीतच सांगितलं गेलं होतं, दुसरीकडे पगार सांगतात तसं. आता दादा आणि वहिनी व्हर्जिनियातल्या हर्नडनला असतात. वहिनींना तीनदा दिवस गेले आणि तिन्हीदा राहिले नाहीत. शेवटचं पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर डॉक्टरांनी आता नको म्हणून सांगितलं. सई झाली तेव्हा याच वहिनी दोन आठवडे रजा टाकून माझ्याकडे आल्या होत्या. मला त्या आवडतात. हे आधीच सांगून ठेवते.

पिक्चर संपला त्याच संध्याकाळी आई म्हणाल्या, "दुपारची एक बाटली देत जा आता. तू जॉबला गेलीस की काय करणार बाळ?"

बरोबरच होतं. एप्रिलच्या शेवटी माझी रजा संपत होती. दुपारची एक बाटली सुरू झाली. चार दिवसांनी संध्याकाळची. मग सकाळची सुद्धा. "हळूहळू अंगावरचं कमी कर, तुलाच त्रास नाही," आई म्हणायच्या आणि बाळ स्वतःच्या मांडीवर घ्यायच्या. बाटली देताना त्या फोन उशाशी ठेवून वहिनींचा आवाज लावायच्या. वहिनींनी गुणगुणून रेकॉर्ड करून पाठवलं होतं, शब्द नसलेलं, आठ मिनिटांचं. बाळ त्या आवाजावर अगदी शांत प्यायचं. डोळे उघडे ठेवून. आवाज कुठून येतो ते शोधत.

"गळा चांगला आहे तिचा," आई म्हणाल्या. "ओळखतंय बघ."

मग पार्सल आलं. वहिनींनी स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून पाठवली होती. मी ती मशीनला टाकायला निघाले तर आईंनी हातातून काढून घेतली. "धुऊ नको. वास जाईल."

"कशाचा वास?"

"साडीचा गे. मऊपणा जातो."

मी वहिनींना फोन करून थँक्यू म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू मला थँक्यू म्हणतेस, रुचा? तू?" आणि त्यांना पुढे बोलवेना. मला वाटलं, स्वभावच आहे त्यांचा.

आता हे एकाखाली एक मांडलं की कुणालाही कळेल. पण तेव्हा मी दोन-दोन तासांच्या तुकड्यांत झोपत होते आणि घरात सगळं माझ्या सोयीसाठीच चाललंय असं मला रोज सांगितलं जात होतं. एकदा प्रिंटरमध्ये बाळाच्या लसींच्या कागदांची दुसरी प्रत सापडली. अनीशला विचारलं तर तो म्हणाला, "आई म्हणाली एक एक्स्ट्रा असू दे." असू दे, मीही म्हटलं.

बारशाच्या आदल्या सकाळी, शनिवारी, सई बाळाच्या डायपर बॅगेत तिचा कापडी जिराफ कोंबत होती. सई चार वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते.

"काय चाललंय गं?"

"पॅकिंग फॉर बेबी."

"बेबी कुठे चाललाय?"

"व्हर्जिनिया. इन काकाज कार." तिनं जिराफाची मान दुमडली. "आजी सेड इट्स अ सीक्रेट. बट नॉट फ्रॉम यू. यू ऑलरेडी नो."

अनीश गॅरेजमध्ये फुगे फुगवत होता. इलेक्ट्रिक पंप घरघरत होता. दार उघडं होतं आणि ड्राइव्ह-वेच्या कडेला शेवटचा बर्फ काळा होऊन पडला होता.

"बाळ व्हर्जिनियाला चाललंय?" मी विचारलं.

त्यानं पंप बंद केला. 'काय?' असं विचारलं नाही.

"तू बोलशील म्हणून मी थांबलो होतो," तो म्हणाला.

"मी काय बोलणार होते?"

"आई म्हणाली, तूच विषय काढलास. पिक्चर बघताना. रडलीस, म्हणालीस की असं मन असावं माणसाचं."

"मी पिक्चरबद्दल बोलत होते."

"पिक्चरबद्दल?"

"हो अनीश, पिक्चरबद्दल. लोक पिक्चर बघून बोलतात ना काहीतरी."

तो हातातल्या फुग्याकडे बघत राहिला. "मला वाटलं तुला जड जातंय. म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीयेस. मग मी पण विचारलं नाही. म्हटलं, उगाच खपली कशाला काढा."

"तू हो म्हणालास?"

"मी नाही म्हणालो नाही." आणि मग घाईघाईनं, "कायमचं नाही गं. वर्ष-दोन वर्षं. तू जॉबला जाणार, आई जूनमध्ये परत जाणार, वहिनी लाँग लीव्ह घेतेय. आपण दर महिन्याला जाऊ. कागद-बिगद सगळं नंतर बघू, तसं काही—"

"कागद?"

त्यानं फुग्याला गाठ मारली.

"दादानं माझ्यासाठी काय सोडलं ते तुला माहितीये," तो म्हणाला.

"माहितीये. मग तू तुझं काहीतरी दे."

"मुलगा माझाही आहे, रुचा."

"म्हणून अर्धा देणार आहेस का?"

आत बाळ कुरकुरलं आणि थांबलं. अनीश म्हणाला, "ते निघालेत यार. पहाटे पाचला. आता ओहायोत असतील."

मी त्याच्यासमोरच वहिनींना फोन लावला. गाडीच्या स्पीकरवर त्यांचा आवाज आला, मागे टायरांची घरघर. "रुचा? बोल गं. कसंय आमचं बाळ? उठलंय का? त्याच्या कानाला लाव ना फोन." एवढा आनंदी आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता. माझ्या तोंडातून निघालं, "जपून या." एवढंच. फोन ठेवला आणि अनीशनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू आता ठरलंच.

दुपारी शोभाकाकू आल्या. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात, मूळच्या नागपूरच्या. ट्रॉयमधल्या कुठल्याही मराठी घरात कार्य असलं की पाळणा सजवायला त्याच. आई आणि सईला घेऊन त्या फुलं आणि पेढे आणायला इंडियन स्टोअरला गेल्या. अनीश खुर्च्या आणायला. घरात मी आणि बाळ. मी त्याला अंगावर घेतलं. दोन दिवसांत पहिल्यांदा, आणि तेही आधी ते तोंड फिरवत राहिलं. मग प्यायलं. त्याच्या हाताची मूठ माझ्या गळ्याशी उघडली. मी टीव्ही लावला आणि पिक्चर जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला.

मला कानडी येत नाही. 'अम्मा' म्हणजे आई आणि 'चिक्कम्मा' म्हणजे काकू, एवढं आईंनी सांगितलेलं. तेवढं पुरलं.

गाणं एकच होतं. त्यात धाकटी ज्वारीच्या शेताच्या बांधाआड उभी राहून थोरलीचं अंगण बघते. नंतर ती घराच्या मागच्या भिंतीला टेकून, पदर बाजूला करून, छातीतलं दूध मातीत पिळून टाकते आणि पायानं वर माती ओढते. एकदा नाही, ऋतू बदलतात, शेत कापलं जातं, पुन्हा उगवतं, तरी ती त्या भिंतीशी जाऊन उभी राहते, आता काही येत नाही तरी. मुलगा चालायला लागतो. तिच्या दारात येतो. ती गुडघ्यावर बसते, दोन्ही हात पसरते. तो म्हणतो, "चिक्कम्मा." नवरा तिच्याशी बोलायचं सोडतो. ती एकटीच बोलू लागते, सुपाशी, चुलीशी. तिची मोठी मुलगी तिला घाबरायला लागते. शेवटी तळं. पाणी हलत नाही. काठावर तिच्या बांगड्या काढून नीट एकावर एक ठेवलेल्या. आणि थोरली मुलाला घट्ट धरून दारात उभी, मुलगा तिच्या हातातून सुटायला बघतोय, आणि तिच्याही चेहऱ्यावर सुखाचं काही नाही. संपलं.

मागे दार वाजलं. आई फुलांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. शोभाकाकू आणि सई बाहेर गाडीतून सामान काढत होत्या.

"आई, तो तिथे संपत नाही."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही—"

त्यांनी फुलं टेबलावर ठेवली, एकेक गुच्छ सोडवू लागल्या. "शेवट माहीत असला की कुणी देत नाही गे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ घाल म्हणताना असतो तसा. "आणि सगळ्याच तळ्यात जात नाहीत. त्या पिक्चरवाल्यांना रडवायचं असतंय. मी काय म्हणते, एका घरात दोन आणि एका घरात एकही नाही. मला दोन्ही घरं माझी. तुला अजून होईल. तिला होणार नाही. मनोहरनं आपली कोवळी वर्षं मातीत घातली, त्यानं कधी शेवट विचारला नाही."

"मी देणार नाहीये."

"सगळ्यांसमोर कर तू काय करायचं ते," आई म्हणाल्या. "ती उद्या समोर बसेल ना, तेव्हा तिच्या तोंडावर म्हण."

दादा-वहिनी संध्याकाळी पाचला पोचले. गाडीच्या मागच्या सीटवर बाळाची कारसीट बसवलेली, तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं. दादा अनीशला मिठी मारून बराच वेळ तसेच उभे राहिले. वहिनींनी आधी हात धुतले, कोपरापर्यंत, मग बाळाला घेतलं. त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली आणि बाळानं मान वळवली. फोनमधला आवाज आज माणसात आलेला पाहून ते थक्क झालं होतं. हसलं. त्याचं ते पहिलं हसू होतं, झोपेतलं नाही, खरं. माझ्याकडे बघून ते अजून हसलं नव्हतं.

मी दोनदा प्रयत्न केला. एकदा स्वयंपाकघरात, "वहिनी, मला बोलायचंय तुमच्याशी," म्हणेपर्यंत आई मध्ये आल्या. "उद्या बोला गे. बारा तास बसून आलीय ती." दुसऱ्यांदा जिन्यात. वहिनींनी माझा हात हातात घेतला. "काही बोलू नकोस. मला समजतंय तुला काय होत असेल ते. मी त्याला कधी खोटं सांगणार नाही, रुचा. तू दिलास, हेच सांगेन." त्यांचे डोळे भरून आले होते. आणि मी, ज्या बाईनं माझ्या पहिल्या बाळंतपणात माझे कपडे धुतले तिच्यासमोर, गप्प राहिले.

रविवारी अकराला पंधरा-वीस माणसं जमली. शोभाकाकूंनी पाळण्याला मोगऱ्याच्या माळा बांधल्या होत्या. मोगरा फ्रीजमधून आलेला, कडेनं तपकिरी.

"बसा गं बायांनो दोन बाजूला," शोभाकाकू म्हणाल्या. "आई इकडे, आणि समोर कोण? आत्या नाहीये ना आपल्याला."

"पद्मिनी बसेल," आई म्हणाल्या.

"बसू दे. पण पद्मिनी, बाळ पडू द्यायचं नाही हं, पेढे महाग आहेत इथे."

सगळे हसले. बाळाला पाळण्याखालून द्यायचं, वरून घ्यायचं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मी दिलं, वहिनींनी घेतलं. त्यांनी दिलं, मी घेतलं. प्रत्येक वेळी ते माझ्या हातात परत आल्यावर मी जरा जास्त वेळ धरत होते, आणि आई शेजारी उभ्या राहून मोजत होत्या. पाचव्या वेळी मी पाळण्याखालून ते पुढे केलं, वहिनींनी घेतलं, आणि आईंनी वाकून त्यांच्या पदरात नारळ ठेवला, तांदळाची मूठ टाकली.

"आता राहू दे," आई म्हणाल्या. "ओटीत राहू दे."

शोभाकाकूंना वाटलं आमच्याकडची पद्धत असेल. त्या पाळण्याची दोरी धरून थांबल्या. अनीश भिंतीशी उभा होता, कॅमेरा धरून. तो खाली करायचंही त्याला सुचलं नाही.

"वहिनी," मी म्हणाले. "बाळ परत द्या."

"अगं, आत्ताच कुठे—" त्या हसल्या.

"मी कधीच हो म्हणाले नव्हते. मला कुणी विचारलंच नाही. मला काल सईकडून कळलं."

वहिनींनी आईंकडे पाहिलं, मग अनीशकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "फोनवर तू..."

"गोधडीसाठी थँक्यू म्हणाले मी."

"आई म्हणाल्या, तू स्वतः म्हणालीस. पहिल्या दिवसापासून तुझ्या मनात होतं म्हणाल्या. मी नको म्हणत होते, तर म्हणाल्या, नको म्हणालीस तर रुचाला वाईट वाटेल." त्यांचा आवाज उतरत उतरत नुसता श्वास झाला. "मी खोली रंगवली गं."

"मला माहीत नव्हतं."

"पिवळी."

त्यांनी बाळ दिलं नाही. त्यांचा हात बाळाच्या पाठीवर होता आणि मी पाहत असतानाच बोटं आवळली. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं. दादा दोन पावलं पुढे आले. ते कुणाला थांबवायला आले, मला की त्यांना, हे मला आजही माहीत नाही.

"पद्मिनी, धर घट्ट," आई म्हणाल्या. "ती बाळंतीण आहे, तिला काय कळतंय? दोन दिवसांनी स्वतःच म्हणेल, बरं झालं."

मला वाटतं, त्या वाक्यानंच झालं. वहिनी आईंकडे बघत राहिल्या. तीन वेळा हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्यांनाही हे कुणीतरी म्हटलं असेल. दोन दिवसांनी बरं वाटेल. त्यांनी पदरातला नारळ काढून जमिनीवर ठेवला. तांदूळ झटकले. मग बाळाला पाळण्याच्या वरून, दोन्ही हातांवर आडवं धरून, माझ्याकडे दिलं.

"मान सांभाळ," त्या म्हणाल्या.

शोभाकाकूंनी घसा खाकरला. "नाव तरी सांगा कुणीतरी कानात. बिचारं केव्हाचं नावाशिवाय फिरतंय." मी बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, ईशान. एकदा, दोनदा.

दादा-वहिनी जेवायला थांबले नाहीत. वहिनी सईला जवळ घेऊन काहीतरी बोलल्या, माझ्याशी नाही. दादांनी अनीशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू मला सांगायला पाहिजे होतंस." त्यापेक्षा त्यांनी ओरडायला हवं होतं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी अनीश ड्राइव्ह-वेत उभा होता.

"तू एकदा तरी मला विचारायचं होतंस," मी म्हणाले.

"तू मला माफ करशील?" त्यानं विचारलं.

मी आत गेले. याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही.

आई दिवसभर कामात होत्या. उरलेलं जेवण डब्यांत भरलं, पाहुण्यांच्या ताटल्या उचलल्या, संध्याकाळी मला अळिवाची खीर आणून दिली. वाटी पुढे करताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"वहिनीचा फोन आला होता का, आई?" अनीशनं विचारलं.

"नाही. येईल." त्या पदर खोचून ओट्याशी उभ्या होत्या. "आज मान खाली गेली तिची चार माणसांत. महिनाभर जाऊ दे. रुचा जॉबला जाईल, घरी बाळ आणि मीच असणार की."

त्यांच्या परतीच्या तिकिटाला अजून अकरा आठवडे होते.

वर ईशान रडला. आम्ही तिघंही एकदम जिन्याकडे निघालो. मी आधी पोचले.